वरण आधी दाट करा, डब्याचं मग बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४६, वजन ५८ किलो, घर पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. आठ महिन्यांपासून बिस्किटं, फरसाण, पाकिटातलं सगळं बंद केलंय. ज्याला हल्ली ‘होल फूड’ म्हणतात तसं घरचं, ओळखू येईल असं अन्न खाताय. दोन महिन्यांपूर्वी जिमला वजनं उचलायला सुरुवात केली आणि ट्रेनरनं सांगितलं, रोज एक स्कूप व्हे प्रोटीन, म्हणजे दुधातल्या प्रथिनांची डब्यातली पावडर, घ्या. यजमान म्हणतात, डबाच आणायचा होता तर बिस्किटांनी काय घोडं मारलं होतं? आणि मग अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ: सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, वर्षभरात ५२ वरून ४७ किलोवर आल्यात, त्यांना हीच पावडर दिली तर चालेल का?

मी ती शेवटची ओळ दोनदा वाचली. उत्तर आधीच सांगून टाकते: तुम्हाला डब्याची गरज नाही, सासूबाईंना बहुधा आहे. ट्रेनरनं सांगितलं त्याच्या बरोबर उलट. का, ते सविस्तर लिहिते.

आधी तुमचं ताट मोजू. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या भेटीला घरची रोजच्या वापरातली वाटी घेऊन यायला सांगते. लोक हसतात, पण आणतात. टेबलावर वजनकाटा असतो, शेजारी तूरडाळीची बरणी. मग विचारते, चौघांच्या वरणाला डाळ किती घेता? उत्तर जवळजवळ ठरलेलं: “एक वाटी. पण ती छोटी हं, मसाल्याच्या डब्यातली.” त्या वाटीत साधारण १०० ग्रॅम डाळ मावते. तूरडाळीत १०० ग्रॅमला जेमतेम २२ ग्रॅम प्रथिनं. चौघांत वाटली की प्रत्येकी साडेपाच. आणि हीच बाई आत येताना मला सांगत असते की मी रोज दोन्ही वेळा डाळ खाते, मला प्रोटीन कमी कसं पडेल! डाळ खातेच ती. पण वाटीत डाळीपेक्षा पाणी जास्त, फोडणी छान, कोथिंबीर वर. वरण पातळ करणं ही आपल्या स्वयंपाकघरातली जुनी काटकसर आहे. डाळ महाग झाली की पाणी वाढतं. त्यात काही चूक नाही, फक्त ते पाणी प्रथिनांच्या हिशेबात धरू नये.

तुम्ही लिहिलेल्या दिनक्रमाचा हिशेब मी राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांवरून केला. दोन वेळचा चहा, त्यातलं दूध धरून ४ ग्रॅम. सकाळी पोहे, वर थोडे शेंगदाणे: ६. दुपारी दोन पोळ्या, फळभाजी, पातळ वरण, थोडा भात: १६. संध्याकाळी फळ: १ धरू. रात्री ज्वारीची एक भाकरी, पालेभाजी, अर्धी वाटी दही: साडेदहा. बेरीज ३७-३८.

आता लागतं किती? याच संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम. तुमच्या ५८ किलोला ४८ ग्रॅम झाले. म्हणजे जिम बाजूला ठेवली तरी तुम्ही दहा ग्रॅमनं कमी आहात. वजनं उचलणाऱ्याला यापेक्षा जास्त लागतं. २०१८ मध्ये ४९ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात किलोमागे साधारण १.६ ग्रॅमपर्यंत स्नायूंना फायदा दिसला, त्यापुढे वाढवून काही हाती लागलं नाही. ही वरची पायरी. तुम्ही आठवड्यातून तीनदा जाता, स्पर्धेत उतरायचं नाही. मी तुमच्यासाठी १.२ धरते, म्हणजे ७० ग्रॅम.

३८ वरून ७० वर जायचंय. ट्रेनरनं पाहिलं की खड्डा आहे, आणि त्याच्या हातात असलेलं फावडं दिलं. तो चुकीचं बोलला नाही, फक्त त्यानं तुमचं स्वयंपाकघर पाहिलेलं नाही.

हेच ताट जरा हलवून बघा. पोह्यांच्या जागी आठवड्यातून चार दिवस मुगाची धिरडी. माणशी ६० ग्रॅम मूगडाळ भिजवून, आलं-मिरची घालून वाटायची. १४ ग्रॅम तिथेच आले, सोबत दही घेतलं की आणखी ३. दुपारी बटाटा किंवा दुधी रोज नको, दिवसाआड मटकी, मूग, चवळी, हरभरा, मसूर यांपैकी एखादी उसळ, माणशी ४० ग्रॅम कोरडं कडधान्य धरून: ८. वरणाला चौघांत १०० ऐवजी १४० ग्रॅम डाळ घ्या आणि पाणी कमी करा: साडेसात. कोशिंबिरीत दोन चमचे दाण्याचं कूट: अडीच. पोळी-भात आहे तसा. संध्याकाळी मूठभर फुटाणे, ३० ग्रॅम: साडेसहा. रात्री भाकरीबरोबर पिठलं, माणशी ३० ग्रॅम बेसनाचं: साडेसहा, आणि दही. चहा धरून बेरीज ७० च्या आसपास येते. एकही नवा पदार्थ आणला नाही. किराणा तोच, फक्त डाळीची पिशवी महिन्यात लवकर संपेल. ज्या दिवशी पोहे किंवा बटाटा असेल त्या दिवशी पनीरचे दोन-तीन तुकडे घ्या, ५० ग्रॅमला ९ मिळतात.

हे कागदावर सोपं दिसतं. घरात पहिली अडचण येते ती पोटाची. एकदम एवढं कडधान्य सुरू केलं की पोट फुगतं, मग चार दिवसांत “मला डाळी सोसत नाहीत” असं ठरवून लोक डबा आणतात. तसं करू नका. पहिल्या आठवड्यात एक बदल, दुसऱ्यात दुसरा. कडधान्य रात्रभर भिजवायचं, ते पाणी टाकायचं, हिंग-ओवा हात राखून न घालता घालायचा. मोड आणले तर पचायला हलकं होतं. पण मोड आले की प्रोटीन दुप्पट होतं हे जे फिरतं, ते तसं नाही. दाण्यात जेवढं होतं तेवढंच राहतं, वर पाणी शिरतं, त्यामुळे १०० ग्रॅम मोडांत १०० ग्रॅम कोरड्या मटकीपेक्षा प्रथिनं कमीच भरतात. मोजायचं ते नेहमी कोरडं असताना.

दुसरी शंका तुम्ही विचारली नाहीत, पण ट्रेनर काढेलच: डाळीतलं प्रोटीन ‘अपूर्ण’ असतं. यात अर्धं तथ्य आहे. प्रथिनं अमिनो आम्लांची बनलेली असतात. डाळींत त्यांपैकी मिथिओनिन कमी, धान्यांत लायसिन कमी. एकाची उणीव दुसरं भरून काढतं. वरण-भात, पिठलं-भाकरी, उसळ-पोळी या जोड्या आपण काही अमिनो आम्लं शिकून लावलेल्या नाहीत, पण लागल्या आहेत खऱ्या. दोन्ही एकाच घासात यायला हवीत असंही नाही, दिवसभरात आली की शरीर जुळवून घेतं. उरलेलं अर्धं तथ्य पचनाचं. दुधातली प्रथिनं जवळजवळ सगळी पचतात, कडधान्यातली त्याहून कमी. म्हणून मी तुमच्या आकड्यात दही, ताक, दूध ठेवलंच आहे आणि ७० ला अगदी काठावर न थांबता थोडं वर गेलात तर बरं म्हणते.

आता डब्यात असतं काय ते बघू, कारण यजमानांचा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही.

व्हे म्हणजे दूध फाटल्यावर उरणारं हिरवट-पिवळं पाणी, निवळी. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के केसीन आणि २० टक्के ही व्हेची. चीज करताना केसीन घट्ट होऊन वेगळं होतं, व्हे पाण्यात राहते. पूर्वी युरोपातले चीजवाले ते पाणी डुकरांना घालायचे नाहीतर सोडून द्यायचे. पुढे ते बारीक पडद्यांतून गाळून, फवारून वाळवायचं तंत्र आलं आणि टाकाऊ पाण्याला भाव आला. ‘कॉन्सन्ट्रेट’ म्हणजे साधारण ८० टक्क्यांपर्यंत प्रथिनं, ‘आयसोलेट’ म्हणजे ९० च्या आसपास आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, जवळजवळ नाहीच. एवढाच फरक, बाकी जाहिरात.

यावर नेहमी येणारा प्रश्न: मग घरच्या पनीरचं पाणी प्यायलं तर? कणीक मळायला जरूर वापरा, पण त्यात प्रथिनं फार नसतात, कारण आपण दूध उकळतो. कडक तापवलं की व्हेची प्रथिनं उलगडतात आणि केसीनला चिकटतात, मग लिंबू पिळल्यावर दोन्ही मिळून पनीरमध्येच जातात. चीजसाठी दूध एवढं तापवत नाहीत म्हणून तिथलं पाणी ‘श्रीमंत’ राहतं. थोडक्यात, पनीर खाताना व्हे खाणं आपोआप होतंच. चक्का टांगतो तेव्हाही असंच. दूध आधी उकळलेलं, त्यामुळे खाली भांड्यात पडणाऱ्या पाण्याबरोबर फार काही वाहून जात नाही.

तर पावडर ‘होल फूड’ आहे का? नाही. ब्राझीलमधल्या साओ पावलो विद्यापीठातल्या कार्लोस मोंतेइरो यांच्या गटानं अन्नाची जी ‘नोवा’ वर्गवारी मांडली, तिच्यात वेगळं काढलेलं प्रथिन ही अतिप्रक्रियायुक्त पदार्थांची खूणच मानली आहे. पण मग नियम सगळ्यांना सारखा लावा. सोयावडी ‘नैसर्गिक’ म्हणून अनेक घरांत येते. ती सोयाबीनचं तेल रसायनानं काढून उरलेल्या पेंडीचं पीठ यंत्रातून दाबून फुलवलेली असते. मी तिच्या विरोधात नाही, २५ ग्रॅम कोरड्या वड्यांत १३ ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि खिशाला परवडतात. मला एवढंच म्हणायचंय की ती डोळे झाकून चालत असेल तर व्हेकडे बघून नाक मुरडायला फारशी जागा राहत नाही. आणि पावडरचंच वावडं असेल तर मेतकूट आणि सातूचं पीठ कुठल्या रकान्यात घालणार?

मी रुग्णांना प्रक्रियेचा प्रश्न विचारत नाही. मी विचारते, हा डबा आला की ताटातून काय बाहेर जाईल? तुमच्या बाबतीत मला उत्तर ठाऊक आहे. सकाळी घाईत एक स्कूप ढवळून प्यायलात की धिरडी कोण घालणार? तुम्ही २० ग्रॅम प्रथिनं मिळवाल आणि मुगाबरोबर येणारा चोथा, फोलेट, पोटॅशियम, लोह घालवाल. आठ महिने जे जमवलंत त्याला धक्का बसतो तो इथे, डब्यातल्या एखाद्या रसायनानं नव्हे. कोल्हापूरच्या तालमीतले पैलवानही थंडाई पितात, तीही पेयच. पण ती बदाम-खसखस वाटून, दुधात घालून, जेवण जराही कमी न करता पितात. खुराक जेवणावर चढवायचा असतो, जेवण काढून त्या जागी बसवायचा नसतो.

२०२४ च्या मे महिन्यात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं भारतीयांसाठी नवी आहार मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत स्नायू वाढवण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा असं स्पष्ट म्हटलंय. त्यावर जिमवाले चिडले, पण तुमच्यासारख्या माणसाला तो सल्ला चपखल लागू पडतो. माझं त्यांच्याशी थोडं बिनसतं ते सासूबाईंच्या वयाच्या लोकांपाशी.

इथे मला माझी एक चूक सांगायला हवी. नवीन होते तेव्हा मी भलतीच कडवी होते, ‘घरचं अन्न, बाकी काही नाही’. खुब्याचं हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या, वय सत्तरीच्या पुढे. मी त्यांना सुंदर तक्ता करून दिला: मूग, उसळ, पनीर, दाण्याचे लाडू. मुलगी सगळं निष्ठेनं करायची. बाई दोन घास खाऊन वाटी सरकवायच्या. दर भेटीला मी तोच तक्ता थोडा बदलून द्यायचे, आणि दर भेटीला त्या थोड्या आणखी वाळलेल्या असायच्या. मुलीनं एकदा विचारलंही, एखादी पावडर देऊ का? मी नको म्हटलं. तीन महिन्यांनी त्या वॉकर धरूनही उठेनात. पावडर दिली असती तर त्या धावल्या असत्या असं मी म्हणणार नाही. पण जे त्या खाऊ शकत नव्हत्या ते लिहून देत राहणं हा माझा हट्ट होता, उपचार नव्हता.

म्हाताऱ्या स्नायूंना जरा कमी ऐकू येतं. तरुणपणी थोड्या प्रथिनांची हाक पुरते, सत्तरीनंतर तीच हाक मोठ्यानं मारावी लागते. म्हणून वयस्कर माणसासाठी तज्ज्ञ किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सांगतात, आणि एकेका जेवणात २०-२५ ग्रॅम एकत्र जावेत असं बघतात. आणि नेमक्या याच वयात कवळी बसत नाही, उसळीनं पोट फुगतं, दोन घासांत भूक मरते. सासूबाईंचा दिवस तुम्ही लिहिलाय: चहा-बिस्किट, दुपारी मऊ वरण-भात आणि अर्धी पोळी, संध्याकाळी चहा, रात्री दूध-भात. माझ्या हिशेबानं हे २२-२३ ग्रॅम होतात. त्यांना लागतात ४७ ते ५६. निम्मंसुद्धा जात नाही.

पण पावडर आणायच्या आधी एक काम. वर्षात ५ किलो, म्हणजे वजनाच्या जवळजवळ दहावा हिस्सा, ठरवून न करता कमी होणं हे ‘वय झालं’ म्हणून सोडून द्यायचं लक्षण नाही. आधी डॉक्टरांकडे न्या. साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, छातीचा एक्स-रे, दात, झोप, मन लागतं का, सगळं बघून घेऊ दे. क्षयापासून कर्करोगापर्यंत आणि नैराश्यापासून ढिल्या कवळीपर्यंत काहीही कारण निघू शकतं. त्यासोबत किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन करून घ्याच. प्रोटीननं चांगली किडनी बिघडते ही भीती निराधार आहे, पण आधीच मंदावलेल्या किडनीवर जास्त प्रथिनांचा भार पडतो, अशांना उलट कमी करावी लागतात. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या किती जणांची किडनी गुपचूप मंदावलेली असते हे तपासल्याशिवाय कळत नाही. रिपोर्ट हातात येईपर्यंत मी कुणाही ज्येष्ठाला डबा लिहून देत नाही.

किडनी ठीक निघाली तर पहिली पायरी अजूनही स्वयंपाकघरातच आहे. साय काढलेल्या दुधाची साधी पावडर, बिनसाखरेची, वाण्याकडे मिळते. तिच्यात १०० ग्रॅमला ३५ च्या आसपास प्रथिनं असतात. दिवसभरात २० ग्रॅम म्हणजे दोन-तीन चमचे चहात, दूध-भातात, नाचणीच्या पेजेत मिसळले तर ७ ग्रॅम वाढतात आणि चवीत कुणाला कळत नाही. बिस्किटाऐवजी दाण्याच्या कुटाचा छोटा मऊ लाडू. रात्रीच्या दूध-भाताऐवजी कधी मऊ मूगखिचडी, डाळ-तांदूळ निम्मे-निम्मे. इतकं करून त्या ३५-३८ वर येतील. उरलेल्या १५-२० ग्रॅमसाठी आणखी काही खा म्हणून मागे लागलात तर जेवणच नकोसं होईल. इथे व्हे कामाची. चावावी लागत नाही, पोट फुगवत नाही, दोन-चार घोटांत जाते.

बिनचवीचं साधं कॉन्सन्ट्रेट घ्या. २५-३० ग्रॅमच्या एका स्कूपमध्ये २० ते २४ ग्रॅम मिळतात. सुरुवातीला अर्धाच स्कूप, आठवड्यानं पूर्ण, तोही दोन वेळांत विभागून. दुधानं पोट बिघडत असेल तर आयसोलेट. उकळत्या खिरीत टाकलीत तर गुठळ्या होतील. प्रथिनं नासत नाहीत, पण सासूबाई पुन्हा तोंड लावणार नाहीत. आधी चमचाभर गार दुधात लेप करून घ्या, मग कोमट पेजेत ओता. ताकात जिरेपूड घालून सगळ्यात चांगली लपते. जेवणाच्या आधी कधीच देऊ नका, भूक मरते. जेवणानंतर किंवा मधल्या वेळेला. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती सकाळी उपाशीपोटी, आणि हे सगळं नाश्त्यानंतर बऱ्याच वेळानं.

आणि त्यांना खुर्चीतून उठवा-बसवा. हात न टेकता, दिवसातून तीन वेळा पाच-पाचदा, शेजारी उभं राहून. स्नायूला काम मिळालं नाही तर दिलेलं प्रोटीन नुसतं जळून जातं. तुमच्या जिमइतकंच हे महत्त्वाचं आहे, फक्त यासाठी कुणी फी घेत नाही.

डबा निवडताना समोरचं चित्र बघू नका, मागचं बारीक अक्षर वाचा. घटकांची यादी जितकी छोटी तितकी बरी. बिनचवीच्या डब्यात व्हे आणि फार तर लेसिथिन असतं. ‘बेल्जियन चॉकलेट’वाल्यात कोको, घट्ट करणारे डिंक, सुक्रालोज हा कृत्रिम गोडवा, वास यांची रांग असते. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक हवा, सील अखंड हवं. ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गोड पावडरींत अनेकदा साखर यादीत वरच्या क्रमांकांवर असते, आणि १०० ग्रॅममागचा मोठा आकडा ठळक छापून एका चमच्यामागचा बारीक ठेवलेला असतो. ‘प्रोटीन बिस्किट’ आणि ‘प्रोटीन बार’बद्दल मी लिहितसुद्धा नाही. ती बिस्किटंच.

फसवणूक होते का? होते. २०२४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली, त्यांतल्या सुमारे ७० टक्क्यांत छापल्यापेक्षा प्रथिनं कमी निघाली. हे शक्य होतं कारण नेहमीची चाचणी थेट प्रथिन मोजतच नाही. योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये डेन्मार्कमध्ये बसवलेली पद्धत नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ नं गुणते. मग ग्लायसिन, टॉरिनसारखी स्वस्त अमिनो आम्लं मिसळली की नायट्रोजन वाढतो, आकडा फुगतो. चीनमध्ये २००८ साली बाळांच्या दुधात मेलामाइन हे भरपूर नायट्रोजन असलेलं रसायन मिसळलं गेलं तेही याच फटीतून. म्हणून जिमच्या काउंटरवरचा सुटा, “ओळखीच्या माणसाकडून आलेला” माल घेऊ नका. अमिनो आम्लांचा तक्ता डब्यावर देणारी, बाहेरच्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट उघड ठेवणारी कंपनी बघा. घरात कुणी मुलगा-मुलगी स्पर्धेत उतरणारी असेल तर दुप्पट सावध, कारण डब्यात भेसळ निघाली तरी उत्तेजक चाचणीत दोषी खेळाडूच ठरतो.

तुमच्यासाठी मी सप्लिमेंट म्हणून एकच गोष्ट सुचवते आणि ती प्रोटीन नाही. अंडीसुद्धा नाहीत अशा घरात बी-१२ कमी असण्याची शक्यता बरीच असते, आणि कडधान्य कितीही वाढवलं तरी त्यातून ते मिळत नाही. सासूबाईंचं रक्त काढाल तेव्हा तुमचंही बी-१२ करून घ्या.

ट्रेनरला दुखवू नका. त्याला सांगा, दोन महिने धिरडी-उसळ करून बघते आणि उचललेल्या वजनांची नोंद ठेवते. वजनं वाढत असतील तर वाद मिटला. वाढत नसतील, किंवा ऑफिसच्या धावपळीत खरंच ५५ च्या पुढे जाता येत नसेल, तर आठवड्यातले ते तीन दिवस अर्धा स्कूप ताकात घेतलात म्हणून मी रागावणार नाही. यजमानांनाही सांगा, त्यांची वाटीही मी मोजलेली नाही अजून.

सासूबाईंचे क्रिएटिनिन आणि लघवीचे रिपोर्ट आले की आकडे कळवा, वजन दर रविवारी सकाळी एकाच काट्यावर करून लिहून ठेवा. आणि तुमची ती मसाल्याच्या डब्यातली वाटी तूरडाळीनं सपाट भरून एकदा काट्यावर ठेवा. शंभरच्या खाली भरली तर वरचा सगळा हिशेब पुन्हा करावा लागेल.